टोमॅटोचा खरीप हंगाम, गिरणारे (नाशिक): शिकाऊ हाताच्या प्रकल्प नोंदी

क्षेत्र: २० गुंठे टोमॅटो, कडेला ३ गुंठे कोथिंबीर. जमीन खालच्या अंगाला काळी, वरचा तिसरा हिस्सा मुरमाड. पाणी विहिरीचं, ५ एचपीची मोटर. मे ते नोव्हेंबर शेतावर राहून काम. राहणं-जेवण शेतकऱ्याचं, मजुरी नाही. निर्णय काकांचे (म्हणजे त्या शेतकऱ्याचे), हात शिकाऊचे. ज्यांना एक हंगाम दुसऱ्याच्या वावरात उभं राहून भाजीपाला शिकायचा आहे, त्यांच्यासाठी या नोंदी. रोगांची पुस्तकी माहिती कुठेही मिळते, म्हणून इथे जे चुकलं आणि ज्यात पैसे गेले त्यावर भर आहे.

१८ मे. मशागत, शेणखत, बेड

नांगरट महिनाभर आधी झालेली, आज रोटाव्हेटर. शेणखत ३ ट्रॉली, ट्रॉली ४,००० रुपये. पहिल्या दोन चांगल्या कुजलेल्या. तिसरी ओतली तर आतून वाफ निघाली आणि फावड्याला हुमणीच्या अळ्या लागल्या. ती ट्रॉली बांधावर ढीग करून ठेवली, वावरात घातली नाही. पैसे मात्र देऊन झाले होते. खत ट्रॉलीत असतानाच हात खुपसून बघायचं: गरम लागलं, अमोनियाचा वास आला, शेणाचे गोळे मुठीत फुटले नाहीत, तर कच्चं आहे.

बेसल डोस, म्हणजे लागवडीआधी मातीत द्यायचं खत (२० गुंठ्यांना): सिंगल सुपर फॉस्फेट ३ गोण्या, म्युरेट ऑफ पोटॅश अर्धी गोणी, निंबोळी पेंड २ गोण्या. नत्र जवळजवळ सगळं नंतर ठिबकमधून.

बेड ट्रॅक्टरने, मध्यापासून मध्यापर्यंत ५ फूट, उंची फूटभर. वावर १३२ बाय १६५ फूट, म्हणजे २६ बेड. टेप फक्त बांधाकडच्या टोकाला लावला. पलीकडच्या टोकाला अंतर साडेचार फुटांवर आलं होतं, हे नववा बेड पडल्यावर दिसलं. ते नऊ मोडून परत पाडले, ट्रॅक्टरचा दीड तास जादा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणली असती तर वीस मिनिटांचं काम होतं.

खालच्या कडेला चर काढला. गिरणाऱ्याकडे पाऊस निफाड-येवल्यापेक्षा बराच जास्त, काळ्या अंगाला पाणी तुंबलं की मर (झाडं सुकून मरण्याचा रोग) ठरलेली.

२ जून. ठिबक आणि मल्चिंग पेपर

लॅटरल (बेडवरून जाणारी ठिबकची नळी) १६ मिमी, इनलाइन ड्रिपर (नळीच्या आतच बसवलेले) ४ लिटर ताशी, ४० सेंमीवर. पेपर २५ मायक्रॉन, ४ फूट रुंद, ४०० मीटरचा रोल, २,००० रुपयांना. ३ रोल आणले होते. सबमेन (लॅटरलना पाणी देणारा पाइप) आणि वाट सोडून बेडची लांबी १६० फूट, दोन्ही टोकांना पेपर मातीत दाबायला थोडा जास्त. म्हणजे बेडला साडेएकोणपन्नास मीटर. १,२०० मीटरमध्ये २४ बेड होतात. दोन राहिले. चौथ्या रोलसाठी नाशिकला फेरी आणि अर्धा दिवस. हिशोब कागदावर पाच मिनिटांचा होता.

काकांचा नियम: "पेपर आंथरायच्या आधी पाणी चालवून बघ." चालवलं. तीन लॅटरल उंदरांनी कुरतडलेल्या निघाल्या, जॉइनर टाकून जोडल्या. पेपरखाली ही गळती कळलीच नसती.

पुढची चूक जरा सविस्तर, कारण ती सहज होते. भोकं पाडायला सव्वा फुटाच्या खुणा केलेली काठी वापरली, इकडे सगळे सव्वा फुटावरच लावतात म्हणून. सव्वा फूट म्हणजे ३८ सेंमी, आणि ड्रिपर ४० वर. दर भोकाला दोन सेंमीचा फरक पडत जातो. पहिलं भोक बरोबर ड्रिपरवर, दहाव्या-अकराव्याला भोक नेमकं दोन ड्रिपरच्या मध्ये, एकविसाव्याला परत ड्रिपरवर. काळ्या मातीत ओल आडवी पसरते, तिथे काही बिघडत नाही. मुरमाड अंगाला पाणी सरळ खाली उतरतं. तीन बेड झाल्यावर बेड भिजवायला दोन तास पाणी सोडलं आणि कामाला आलेल्या पेठकडच्या एका ताईंनी भोकात बोट घालून सांगितलं, "भाऊ, हितली माती कोरडीच हाय." बोटभर खोल कोरडी ठक्क, वीत सोडून शेजारी चिखल.

उपाय: काठी फेकली. दोरीवर ४० सेंमीला गाठी मारल्या, दोरीची पहिली गाठ पहिल्या ड्रिपरवर धरून भोकं. त्या तीन बेडांना नवी भोकं पाडावी लागली, जुन्या भोकांवर माती लोटली. त्या जुन्या भोकांतून हंगामभर गवत वर येत राहिलं आणि खुरपणीला तेच तीन बेड सगळ्यात महाग पडले. बेडला १२२ रोपं, एकूण ३,१७०च्या आसपास.

१६ जून. लागवड

रोपं नर्सरीतून, २३ दिवसांची, नग १.४० रुपये, ३,५०० घेतली. परवाच आणून झाडाखाली ठेवली होती, दोन दिवस पाणी बेताचं. ट्रेमधून एक-दोन रोपं उपसून बघावीत: मुळं पांढरी हवीत. गोळ्याभोवती तपकिरी वेटोळं असेल तर रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलं आहे, ते जमिनीत गेल्यावर आठवडाभर ढिम्म बसतं. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी माशी दिसली तर ट्रे परत करायचा, लाजायचं नाही. २०२० च्या उन्हाळ्यात ज्याला लोक 'तिरंगा' म्हणत होते, त्या विषाणूच्या फटक्यानंतर इकडचे शेतकरी रोपं भिंग लावून बघतात.

चार बायका, ३५० रुपये रोज. ढगाळ होतं म्हणून सकाळी साडेआठला सुरुवात केली. अकराला ढग फाटले. तोवर नऊ बेड लागले होते. काळ्या पेपरखालची गरम हवा भोकातूनच बाहेर पडते, आणि रोपाची मान पेपरच्या कडेला टेकली असेल तर ती भाजते. तिसऱ्या दिवशी मोजली तर १४० रोपं मानेत बारीक होऊन आडवी. उरलेले बेड चारनंतर लावले, त्यात ११ गेली.

त्यातून ठरलेली पद्धत: भोक तीन इंचांचं, रोप लावल्यावर मूठभर माती मानेभोवती अशी की पेपरची कड मातीखाली जाईल. ढगाळ असो वा नसो, लागवड चारनंतरच.

नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) २३ जूनला भरले. आठवड्याच्या आत भरायचे. त्यानंतर लावलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत जातं, त्याचा माल निघेपर्यंत बाजार निघून गेलेला असतो.

३ जुलै. कोथिंबीर

३ गुंठ्यांना सव्वादोन किलो धणे. चपलेने रगडून दोन फाकळ्या केल्या. जोर जास्त झाला की पीठ होतं, तेवढं बी गेलं. पेरणीच्या दुसऱ्या रात्री धो-धो पाऊस, वर पापडी धरली. दाताळ्याने हलक्या हाताने मोडायला दोन दिवस उशीर झाला आणि खालची पट्टी उगवलीच नाही. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

८ जुलै. बांबू, तार, सुतळी

बांबू ८ फुटी, ८ फुटांवर एक. जुने ४२५ होते, १२० नवे घेतले (४० रुपये नग). जुन्यांची मातीत गेलेली काळी टोकं वीतभर छाटली आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पाण्यात बुडवून वाळवली. तार १४ गेज. १,३०० मीटरला ३३ किलो लागते, दुकानात किलोवर मिळते म्हणून हे वजन लिहून ठेवलं. ५ फूट उंचीवर एक तार, तिच्यावरून सुतळी खाली रोपाला.

पहारीने खड्डे करताना सहा ठिकाणी लॅटरल फुटली. पेपरखाली ती दिसत नाही. नंतर सगळे बांबू रोपांच्या ओळीपासून चार इंच उत्तरेला घेतले, एकही फुटली नाही. लॅटरल बेडच्या मध्यावर, बांबू नेहमी एकाच बाजूला, एवढंच.

सुतळीची गाठ रोपाला सैल, दोन बोटं जातील अशी. घट्ट गाठ महिनाभरात खोडात रुतते आणि वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. बगलफूट पहिल्या फुलोऱ्याच्या खालची सगळी काढली, वरची ठेवली.

टोकाचे बांबू सरळ उभे रोवले. याची किंमत ९ ऑगस्टला.

२० जुलै. करपा

सहा दिवस झड. खालच्या पानांवर गोल डाग, आत वर्तुळात वर्तुळं: लवकर येणारा करपा. उशिरा येणारा वेगळा दिसतो: तेलकट, पाणी पडल्यासारखा चट्टा, सकाळी पान उलटं केलं तर कडेला पांढरी बुरशी. हा फरक आधी बघायचा, कारण दुसरा दोन-तीन दिवसांत वावर घेतो, पहिला मुदत देतो.

मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम फवारलं, तासाभरात पाऊस, सगळं धुऊन गेलं. दुसऱ्या दिवशी परत, तेही धुतलं. दोन फवारण्यांचं औषध आणि मजुरी पाण्यात. तिसऱ्या वेळी थांबलो. आधी खालची फूटभर पानं काढली, पाटीत भरून वावराबाहेर नेली. सुरुवातीच्या दोन बेडांची पानं सरीतच टाकली होती, तीही वेचून आणावी लागली. उघडीप बघून, पानं कोरडी झाल्यावर, स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रावण) घालून फवारणी. त्यानंतर नवे डाग कमी झाले. आमच्या मते औषधाइतकंच काम पानं काढल्याने झालं. हवा खेळायला लागली.

फवारताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. तोडे सुरू झाल्यावर डब्याच्या लेबलवर फवारणी ते काढणीचे किती दिवस लिहिलेत, ते बघूनच औषध निवडायचं.

२९ जुलै. ड्रिपर बंद

हंगामातली सगळ्यात मूर्ख चूक. फळ सेट व्हायला लागलं म्हणून कॅल्शियम नायट्रेट ५ किलो सोडायचं होतं. २०० लिटरच्या ड्रममध्ये आदल्या दिवशीचं १३:४०:१३ चं (फॉस्फेट असलेल्या विद्राव्य खताचं) पाणी तळाशी पाऊण फूट उरलं होतं. ड्रम न धुता त्यातच कॅल्शियम ओतलं. पाणी दुधासारखं झालं. विरघळत असेल असं वाटून व्हेंचुरी (ड्रममधलं खत ठिबकात ओढणारं साधन) चालू केली.

कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा चोथा तयार होतो. सल्फेटचंही तसंच, म्हणून मॅग्नेशियम सल्फेटसुद्धा कॅल्शियमबरोबर नाही. संध्याकाळी पाच बेड मलूल. सबमेनकडचं पेपरचं टोक उचलून ड्रिपरखाली वाटी धरली: ४ लिटर ताशी म्हणजे मिनिटाला ६५-६७ मिली यायला हवं, येत होतं २५ ते ४०.

दुरुस्तीला दोन दिवस. आधी स्क्रीन फिल्टर उघडून ब्रशने धुतला, जाळीवर पांढरा लगदा होता. मग सगळ्या एंड कॅप (लॅटरलच्या टोकाची टोपणं) उघडून पाच-पाच लॅटरलला पाणी सोडलं, पांढरं पाणी निघायचं थांबेपर्यंत. त्यानंतर ॲसिड: ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड (उलट कधीच नाही, उकळून अंगावर येतं), शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा पीएच कागदावर ४ येईल इतकं. पंधरा मिनिटं चालवून रात्रभर लाइनमध्ये ठेवलं, सकाळी एंड कॅप उघडून परत धुतलं. वाटी परत धरली: बहुतेक ठिकाणी ६०च्या वर. चाळीसेक ड्रिपर तरीही मेलेलेच, तिथे शेजारी ऑनलाइन ड्रिपर (नळीला बाहेरून बसवायचे) टोचले.

नशीब की हा चोथा फॉस्फेटचा होता. सल्फेटचा, म्हणजे जिप्समचा असता तर ॲसिडने फारसा सुटला नसता.

आता ड्रमवर ऑइलपेंटने लिहिलं आहे: कॅल्शियम एकटं. आणि दोन खतांमध्ये दोन दिवस.

९ ऑगस्ट. चार बेड आडवे

रात्री वारा-पाऊस. झाडं ५४ दिवसांची, फळांनी लगडलेली, पानं भिजून जड. चार बेडांचे पश्चिमेकडच्या टोकाचे बांबू आत झुकले, तार सैल पडली आणि अख्खी ओळ सरीत. तारेचा सगळा ताण टोकाच्या बांबूवर येतो. द्राक्षाच्या मांडवाला टोकाला ताण देतात ते इथे जवळच्या दहा बागांत रोज दिसतं, तरी टोमॅटोला सुचलं नाही.

टोकाचा बांबू बाहेरच्या बाजूला कलता रोवला. त्याच्यापासून तीन फुटांवर दीड फूट खोल खड्डा, त्यात तारेने बांधलेला दहा-बारा किलोचा दगड, माती ठोकून. बांबूच्या डोक्यापासून दगडापर्यंत तार पिळून ताठ. २६ बेडांना ५२ दगड, तिघांना एक दिवस. पडलेली झाडं उचलताना घाई केली की फांदी खोडापासून सोलून निघते. एक धरणारा, एक बांधणारा असंच. त्या चार बेडांतून इतरांच्या निम्माच माल निघाला, अंदाजे ४० क्रेटचा तोटा.

१२ ऑगस्ट. कोथिंबीर काढली

४२० जुड्या. नाशिक मार्केटमध्ये पालेभाजीचा लिलाव संध्याकाळी, माल रात्रीच मुंबईला जातो. शेकडा ९०० मिळाले. मुळं धुऊन नेल्या. पहिल्या शंभर जुड्या पानांसकट भिजल्या, ढिगात तापून काळपट पडायला लागल्या, त्या हातानेच बाजूला काढल्या गेल्या आणि अर्ध्या दराने गेल्या.

१८ ऑगस्ट. पहिला तोडा

११ क्रेट. फळ अर्धं लालसर झालं की तोडायचं, पूर्ण लाल फक्त जवळच्या बाजाराला. देठ काढूनच, राहिला तर शेजारच्या फळाला टोचतो आणि त्या भोकातून क्रेटभर पाणी सुटतं. दव असताना तोडलेल्या चार क्रेटना दुसऱ्या दिवशी डाग. नऊनंतर, फळ कोरडं झाल्यावर तोडायचं. क्रेट २० किलोचं, काठापर्यंतच. आम्ही शीग लावली, वर दुसरं क्रेट बसलं आणि वरचा थर चेपला.

पुढे दर तीन-चार दिवसांनी तोडा. माल थोडा असेल तेव्हा गिरणारेत, जास्त असेल तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात.

३० ऑगस्ट. तडकलेली फळं

दहा दिवस उघडीप, पाऊस येईल येईल म्हणून ठिबक बंद. मग एका रात्रीत जोराचा. सकाळी देठाभोवती चिरा, तोड्यातली ९ क्रेट दुय्यम. कोरड्या झाडाला अचानक पाणी मिळालं की गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही. मुरमाड अंगाला काही फळांचं बूड काळं पडलं, तेही पाण्याच्या खंडामुळे. जमिनीत कॅल्शियम असून पाण्याशिवाय ते फळापर्यंत पोचत नाही. आता पेपरखाली बोट घालून माती बघायची, आकाश बघायचं नाही. वाफसा (मातीतली बेताची ओल) गेला की अर्धा तास पाणी, ढग असले तरी.

१२ सप्टेंबर. सापळे

फळ पोखरणारी अळी (घाटेअळी) आणि टुटा (पानं पोखरणारी अळी) दोन्ही दिसत होत्या. दोघांच्या ल्युअर (पतंगांना ओढणाऱ्या वासाच्या गोळ्या) एकाच नरसाळ्याच्या सापळ्यात लावल्या, आठवडाभरात एकही पतंग नाही. दोन्ही वास एकत्र चालत नाहीत. वेगळे केले: घाटेअळीचा नरसाळे सापळा झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर, टुटाचा चिकट सापळा खाली, गुडघ्याच्या उंचीला. दुसऱ्या दिवशीपासून पतंग पडले. ल्युअर हाताळताना हातमोजा बदलायचा, नाहीतर एकाचा वास दुसऱ्याला लागतो.

६ ऑक्टोबर. दर

आज क्रेटला ११०. तोडणी २८, गाडी १५, वर हमाली. ७० च्या खाली गेलं तर तोडण्यात अर्थ नाही, असं काकांनी पहिल्या तोड्यालाच भिंतीवर लिहून ठेवलं होतं. २०२३ मध्ये जुलैत दोन हजारांच्या वर गेलेलं क्रेट सप्टेंबरात शंभराच्या आसपास आलं होतं, तेव्हापासून इथे कुणी दराच्या भरवशावर उधारी करत नाही. शेवटच्या तीन तोड्यांचं खत आज बंद केलं.

२ नोव्हेंबर. हिशोब आणि आवराआवर

एकूण ४८६ क्रेट, सरासरी २६५ रुपये, म्हणजे १,२८,७९०. खर्च: मशागत ४,२००, शेणखत १२,०००, बेसल ५,०००, पेपर ८,०००, रोपं ४,९००, बांबू-तार-सुतळी ९,६००, ठिबकची खतं ११,५००, फवारणी १६,८००, लागवड-बांधणी-खुरपणी १७,५००, तोडणी १३,६००, गाडी ७,३००. बेरीज १,१०,४००. उरले १८,३९०. यात ठिबकची झीज, वीज आणि घरच्यांची मेहनत धरलेली नाही. कोथिंबिरीचा हिशोब वेगळा. आडवे झालेले चार बेड उभे राहिले असते तर उरलेल्या रकमेत जवळपास निम्म्याची भर पडली असती.

सुतळी कापून झाडं उपटली, विषाणूची शंका असलेली वेगळी जाळली. पेपर जाळायचा नाही. ओला असताना ओढला की फाटून तुकडे मातीत राहतात. दोन दिवस वाळू दिला आणि गुंडाळत नेला, भंगारवाल्याने वजनावर घेतला. बांबूंचे शंभर-शंभरचे भारे, उभे, शेडमध्ये. लॅटरल धुऊन गुंडाळल्या. ज्या पाच बेडांचे ड्रिपर जुलैत बंद पडले होते, त्यांच्या गुंडाळीला लाल चिंधी बांधली आहे. पुढच्या लागवडीला त्या आधी वाटी धरून तपासायच्या, मगच पेपरखाली.